प्रयोगशाळेतला बेदाणा तासगावात

आम्ही सरकारी प्रयोगशाळेतली माणसं जमलो की संशोधनावर फारसं बोलत नाही. त्याचे रिपोर्ट असतात! रिपोर्टात जे बसत नाही, ते चहाबरोबर निघतं. माझ्याकडचा बराचसा साठा तासगावचा. सत्तरच्या दशकात आम्ही पुण्याहून तिथे बेदाण्याचं नवं तंत्र घेऊन गेलो. द्राक्षं पोटॅश आणि तेलाच्या पाण्यात बुडवून सावलीत सुकवायची; बेदाणा लवकर होतो, रंगही हिरवट सोनेरी राहतो. निदान प्रयोगशाळेत तरी राहत होता!

•

प्रयोगाला कुणी द्राक्षं देईना. शेवटी आबा तयार झाले. फौजेतले निवृत्त हवालदार, छोटीशी बाग. मी त्यांना अर्धा तास रसायनशास्त्र समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि आत हाक मारली, "आगं ए, पाणी ठेव. द्राक्षास्नी अंघूळ घालायची हाय!"

•

आमचे विभागप्रमुख रानडेसाहेब. त्यांनी माहितीपत्रक पाठवलं, लिटरला इतके ग्रॅम. आबांच्या घरच्या कमलवहिनी म्हणाल्या, "भावजी, तांब्यात सांगा की!"

मी सगळी मापं वाटी-तांब्यात बसवली. साहेब भडकले, "सरकारी संशोधन तांब्यानं मोजायचं?"

पुढे दिल्लीच्या मीटिंगमध्ये एका बड्या अधिकाऱ्याने द्रावणाचं प्रमाण विचारलं. साहेब ताडकन म्हणाले, "वन वाटी पर फाइव्ह तांब्या, सर!"

•

पहिला माल काळा पडला. शेडभर. आबांचा अख्खा हंगाम गेला.

मला मान वर करवेना. "आबा, चूक आमची."

"नवी बंदूक मिळाली की पहिल्या गोळ्या नेम बसवायलाच जात्यात, सायब," आबा म्हणाले. पण नजर त्या काळ्या ढिगावरून हलत नव्हती.

वहिनी ढिगात हात घालून बघत होत्या. "आवं भावजी, पापड कवा एकावर एक वाळत घालत्यात व्हय?"

प्रयोगशाळेत आम्ही मूठभर द्राक्षं ताटलीत सुकवली होती. इथे थर लावले! पुढच्या हंगामात जाळ्या बांधल्या, एकेरी थर दिला. माल सोन्यासारखा निघाला. रिपोर्टात आभार मानताना साहेबांनी पहिलं नाव घातलं कमलवहिनींचं.

•

तो माल घेऊन साहेब, आबा आणि मी सांगलीच्या बाजारात गेलो. व्यापाऱ्याने बेदाणा उजेडात धरला. "असला रंग? काय तरी फासलंय."

मी प्रयोगशाळेचा शिक्क्याचा दाखला पुढे केला.

"कागद राहू द्या. तुमचे सायब खाऊन दावतील का?"

साहेबांना मधुमेह होता. प्रयोगशाळेत चव बघायचं काम कायम आमचं.

साहेबांनी मूठ भरली आणि तोंडात टाकली. सावकाश चावली. दुसरी मूठ भरताना आबांनी त्यांचं मनगट धरलं, "बास सायब, बास!"

व्यापाऱ्याने हमालाला खूण केली, पोती आत घे.

साहेब अजून चघळतच होते. माझ्याकडे वळून म्हणाले, "सहा वर्षं यावर काम करतोय रे... गोड आहे!"