बारा किलो

सिमेंटच्या ठोकळ्यांच्या कारखान्याच्या फाटकाशी जो वजनकाटा आहे, त्यावर ती एकोणीस वर्षं बसत होती, आणि तिच्या डोळ्यांत धूळ फेकेल असा ड्रायव्हर त्या एकोणीस वर्षांत कोणी पाहिला नाही. जमिनीच्या पातळीत बसवलेला लांबलचक लोखंडी पत्रा. त्यावर वाळूचा ट्रक चढायचा आणि काचेच्या खोलीत तिच्यासमोर आकडा उमटायचा. भरलेल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचं वजा केलं की उरला तो माल. पण वाटेत वाळूवर पाणी मारून वजन फुगवणारे महाभाग असायचे. मग ती सळई घेऊन खाली उतरायची, वाळूत खोलवर खुपसायची, आणि ओली निघाली की गाडी बाजूला. "काट्याला भार कळतो, माल कळत नाही," असं नव्या ड्रायव्हरांना सुनवायची. ड्रायव्हर तिला काटेताई म्हणत. पाठ वळल्यावर आणखीही काहीबाही म्हणत असणार, कारण बाई उंचीनं बेताची आणि अंगानं चांगलीच भरलेली होती.

घरी ती नुसती ताई. आई गेली तेव्हा धाकटा भाऊ सात वर्षांचा होता आणि ही अठराची. त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून त्याचं लग्न लावून देण्यापर्यंत सगळं तिनं केलं. स्वतःच्या लग्नाचं कोणी काढलं तर "वेळ कुठे होता" म्हणून मोकळी व्हायची. धाकटा बेकरीत भट्टीवर होता. पाय सुजायला लागले तेव्हा दिवसभर उभं राहून सुजले असतील, असंच सगळ्यांना वाटलं. डॉक्टरांकडे गेले तोवर दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या. बत्तिसाव्या वर्षी आठवड्यातून तीनदा मशीनला जोडून घेणं त्याच्या नशिबी आलं. हाताची शीर धरेना, म्हणून मानेत नळी बसवली. दिवसाला किती पाणी प्यायचं त्याची खूण बाटलीवर केलेली असायची, आणि उन्हाळ्यात तो त्या खुणेकडे बघत बसायचा.

भावजयीचा रक्तगट जुळला नाही. ताईचा जुळला, पुढच्या तपासण्याही जुळल्या, आणि त्या दिवशी ती कधी नव्हे ती खुशीत होती. ती खुशी संध्याकाळपर्यंतही टिकली नाही. डॉक्टरांनी तिला वजनाला उभं केलं. चौऱ्याऐंशी. "एक किडनी काढल्यावर उरलेल्या एकीला हा सगळा देह जन्मभर सांभाळायचाय," ते म्हणाले. "बहात्तरवर या. मग करू."

धाकट्याला हसू आलं. "ताई, बारा किलो म्हणजे तुझा एक हात झाला."

"दोन्ही नेले तरी चालतील," ती म्हणाली.

त्याच इमारतीत आहाराचं बघणाऱ्या एक मॅडम होत्या. त्यांनी कागदावर सगळं लिहून दिलं: रोज पंधराशे कॅलरी, सकाळी दोन अंडी, दुपारी भात, कडधान्य, भाजी, मध्ये दही, मूठभर शेंगदाणे. पाऊण तास झपाझप चालायचं, आठवड्यातून दोनदा थोडं वजन उचलायचं. मॅडमनी पेन खाली ठेवून बजावलं, "व्यायाम चालू असताना खाणं तोडायचं नाही. अंगाला बाहेरून मिळालं नाही, तर ते नुसती चरबी जाळत नाही, मांसही जाळतं. बारीक व्हायचंय, पण धडधाकट राहून. तुमचं ऑपरेशन होणार आहे."

"किती दिवस लागतील?"

"पाच महिने धरा."

पाच महिने म्हणजे मशीनच्या पासष्ट खेपा. ताईनं जिन्यावरच ते गणित मांडलं आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं. जन्म वजाबाकीत गेलेली बाई. पंधराशेनं पाच महिने लागतात, तर सहाशेनं दोन लागतील. पाऊण तासाऐवजी दोन तास चालू, आणखी लवकर होईल. गाडीत माल कमी भरला की काट्यावर कमी दिसतो, यात विचारायचं काय? मॅडम चांगल्या आहेत, पण त्यांचा भाऊ मशीनवर नाही.

आणि तिनं मनावर घेतलं. तिनं मनावर घेतलं की काय होतं ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच तिनं घरात कळू दिलं नाही. पहाटे उठून चालायला जायची, कामावरून सुटल्यावर बसमध्ये न बसता पायी घरी यायची, वर घराचे चार मजले दोनदा चढायची-उतरायची. भावजय कागदाबरहुकूम डबा भरायची. तो डबा फाटकावरच्या कुत्र्यांच्या पोटात जायचा. ती स्वतः एक अंडं, एक काकडी आणि दोनदा पाण्यासारखं सूप यांवर दिवस काढायची. संध्याकाळी भावजयीनं ताट वाढलं की म्हणायची, "आज कामावरच उशिरा जेवले गं, पोट भरलंय." कुत्री मात्र त्या दोन महिन्यांत छान बाळसं धरून होती.

इतकं करूनही गोष्ट कदाचित हाताबाहेर गेली नसती. दर पंधरा दिवसांनी मॅडमकडे वजनाला जायचं होतं. पण तो काटा भर व्हरांड्यात, ये-जा करणाऱ्यांसमोर. तिथे चपला काढून उभं राहायची तिला लाज वाटायची. शिवाय असल्या चकतीवाल्या काट्यांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. तिचा काटा दरवर्षी तपासला जायचा, त्याला सरकारी मोहोर होती. शेवटचा ट्रक गेला की ती बाहेर जाऊन पत्र्याच्या मधोमध उभी राहायची आणि काचेतून आत उमटलेला आकडा वाचायची.

ऐंशी.

आता तो काटा ट्रकांसाठीचा. त्याचा आकडा दहा-दहा किलोंनी हलतो. पंचाहत्तरपासून चौऱ्याऐंशीपर्यंत सगळं त्याला ऐंशीच. हे तिला माहीत नव्हतं का? तिच्याइतकं पक्कं कोणालाच माहीत नव्हतं. पण माहीत असणं वेगळं आणि उपाशी पोटी, दुखऱ्या पोटऱ्यांनी रोज तोच आकडा बघणं वेगळं. पहिल्या आठवड्याला ऐंशी, तिसऱ्याला ऐंशी, पाचव्यालाही ऐंशी. आत अंग झरत होतं आणि बाहेर आकडा ढिम्म. मनाशी म्हणायची, काट्याला बारीक फरक कळत नाही. आणि घरी जाऊन अंड्यातलं पिवळं काढून टाकायची. मॅडमचा फोन आला की सांगायची, "ऐंशीवर आहे." मॅडम म्हणायच्या, "छान चाललंय. नीट खाताय ना?" ही म्हणायची, "हो तर." पोटाला चिमटा काढलेली माणसं किती सहज खोटं बोलतात.

केस मुठीमुठीनं यायला लागले. भर दुपारी काचेच्या खोलीत तिला थंडी वाजायची. पाळी थांबली, ती वयानं थांबली असं तिनं ठरवून टाकलं. एकदा वाळूचा ट्रक आला, तिनं सळई खुपसली, आणि सळई वीतभर जाऊन अडली. तिनं पुन्हा जोर लावला. वाळू घट्ट दाबलेली दिसते, असं म्हणून तिनं गाडी सोडली. ड्रायव्हर चकित होऊन बघत राहिला, कारण गाडीखाली पाणी ठिबकत होतं.

सातव्या आठवड्यात आकडा सत्तर झाला. ती पत्र्यावर उभ्या उभ्या रडली. खरं वजन किती, हे त्या काट्याला विचारून उपयोग नव्हता, म्हणून अंगात धुगधुगी होती तोवर आणखी दोन आठवडे तिनं जिवाचं रान केलं, आणि नवव्या आठवड्याच्या शेवटी धाकट्याला आणि भावजयीला घेऊन डॉक्टरांसमोर जाऊन उभी राहिली.

सत्तर किलो तीनशे ग्रॅम. डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या. धाकटा बायकोला म्हणाला, "बघितलंस? माझी ताई आहे." त्या दोघांनी त्या दिवशी घरी येताना पुढच्या वर्षाच्या गोष्टी केल्या, आणि ताई बसच्या खिडकीला डोकं टेकून ऐकत राहिली. मला विचाराल तर तिच्या आयुष्यातला तो शेवटचा चांगला दिवस.

तपासण्यांचे कागद चार दिवसांनी आले. रक्त निम्म्याच्या जवळ आलेलं, प्रथिनं तळाला, हृदयाचे ठोके मध्येच चुकणारे, आणि पित्ताशयात खडे. वजन फार झपाट्यानं उतरवलं की होतात, डॉक्टर म्हणाले. मांस इतकं झडलं होतं की किडनीच्या कामाचा जो आकडा रक्तातून काढतात, तोसुद्धा भरवशाचा राहिला नव्हता. "तुम्हाला आज टेबलावर घेतलं तर दोन माणसं गमवायची वेळ येईल," ते म्हणाले. "आधी खडे काढू. मग सहा महिने जेवा, ताकद आणा. मग बघू."

"पण बारा किलो उतरवलेत ना," ती म्हणाली. "जास्तच उतरवलेत."

"बारा किलो कशाचे उतरवलेत, ते महत्त्वाचं होतं."

भावजयीला डब्यांचं कळलं. त्या दिवसापासून ती ताईचं जेवण होईपर्यंत समोर बसायला लागली. खडे काढून झाले, आणि ताई जेवायला लागली. ते सोपं नव्हतं. चार घासांत पोट तट्ट व्हायचं, आणि प्रत्येक घासाला वाटायचं की वजन वाढेल, पुन्हा नाही म्हणतील. वाढलं नाही. पंधराशे कॅलरी, पाऊण तास चालणं, दोनदा वजन उचलणं. महिन्यामागून महिना वजन एकाहत्तरच्या आसपास राहिलं. रक्त चढलं, ठोके सरळ झाले, केस आले. सगळं मॅडमनी कागदावर लिहून दिलं होतं तसंच्या तसं झालं, आणि ते बघून तिला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटायचं.

ती जेवायला लागल्यावर पाचव्या महिन्यात धाकट्याला ताप भरला. मानेतल्या नळीतून रक्तात जंतू शिरले आणि हृदयाच्या झडपेवर जाऊन बसले. सहा आठवडे तो दवाखान्यातच होता. वाचला. पण हृदय अर्ध्या ताकदीवर आलं. ताईच्या शेवटच्या तपासण्यांचे कागद आले, त्याच दिवशी डॉक्टरांनी तिला एकटीला बोलावलं.

"तुमचं सगळं उत्तम आहे," ते म्हणाले. "पण त्यांचं हृदय आता हे ऑपरेशन सोसणार नाही. भूलसुद्धा सोसणार नाही."

"पुढे कधी?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

 तिनं विचारलं, "मी पहिल्यापासून कागदाप्रमाणे खाल्लं असतं तर तेव्हाच, पाच महिन्यांत, ऑपरेशन झालं असतं. तेव्हा त्याचं हृदय कसं होतं?"

डॉक्टर दुष्ट माणूस नव्हते. विचारलं ते त्यांनी सांगितलं. "चांगलं होतं."

धाकटा मशीनला जोडलेला होता. शेजारच्या स्टुलावर ती बसली आणि त्याला सगळं सांगितलं, आपला प्रश्न आणि डॉक्टरांचं उत्तरसुद्धा. न सांगता तिला राहवलंच नसतं. त्याच्याशी ती एकदाच खोटं बोलली होती, आणि ते कुठवर आलं ते समोर दिसत होतं. तो छताकडे बघत ऐकत होता. लहानपणापासून तो तिच्यावर कधी आवाज चढवून बोलला नव्हता. आत्ताही त्यानं आवाज चढवला नाही.

"ताई," तो म्हणाला, "मला पाणी प्यायची चोरी, मीठ खायची चोरी. मी सगळं पाळलं. तुला फक्त जेवायचं होतं."

ती म्हणाली, "हो."

त्यानं डोळे मिटून घेतले. मशीनचे अजून अडीच तास बाकी होते, आणि ती तिथेच बसून राहिली.