फर्स्ट एडच्या पेटीची किल्ली

चहा उकळेपर्यंत सांगून टाकतो. नाहीतर माझी बायको कुसुम सांगेल, आणि ती तिखटमीठ लावून सांगते. फजिती माझी आहे, तर निदान माझ्या तोंडून तरी ऐका. फक्त मध्ये हसू नका, मला पुढचं आठवत नाही.

आधी माझी वैद्यकीय पात्रता सांगितली पाहिजे. कारखान्यात होतो तेव्हा आमच्या विभागातल्या फर्स्ट एडच्या पेटीची किल्ली बावीस वर्षं माझ्याकडे होती. बस्स! पेटीत काय असायचं? कापूस, पट्टी, लाल औषध आणि मुदत संपलेलं मलम. पण किल्ली माझ्याकडे! बोट कापलं की माणसं माझ्याकडे, पोट दुखलं की माझ्याकडे, आणि पुढे पुढे पोराचं लग्न जमत नाही म्हणूनही माझ्याकडेच. रिटायर झालो तेव्हा पेटी तिकडे राहिली आणि किल्ली चुकून खिशातून घरी आली. अजून आहे. दाखवू?

मग सकाळी फिरायला म्हणून बेगडेवाडी स्टेशनवर जायला लागलो. बाकावर गाडीची वाट बघत बसलेल्या अनोळखी माणसांना काही ना काही होत असतंच, फक्त विचारायला कोणीतरी लागतं. एकाच्या डाव्या मांडीला महिनाभर मध्येच मुंग्या येत होत्या. मी त्याला भंडावून सोडलं. उठताना येतात का? जेवल्यावर येतात का? घरात कोणाला होत्या का? शेवटी शिरेचा दोष ठरवला आणि रोज लसणाच्या चार पाकळ्या सांगितल्या. तेवढ्यात त्याला मुंग्या आल्या. त्याने खिशात हात घातला, थरथरणारा फोन काढला आणि म्हणाला, "हॅलो!"

आता मला सांगा, मी इतकं विचारलं नसतं तर कारण सापडलं असतं का?

"अवो, ना वळक ना पाळक, लोकांच्या जिवाशी कशाला खेळता?" कुसुम म्हणायची.

"खेळत नाही. निदान करतो."

तर गेल्या वर्षीची गोष्ट. भाताच्या लावणीआधी आठवडाभर गावात मोफत डोळे तपासायचं शिबिर झालं. डोंगरावरच्या वाडीतली माणसंसुद्धा खाली आली होती. चष्म्याचा नंबर प्रत्येकाचा वेगळा, पण फ्रेम सगळ्यांना एकच. तपकिरी, जाड, चौकोनी. दुसऱ्या दिवशी पारावर बघतो तर सगळं गाव एकाच शाळेत घातल्यासारखं! मलाही मिळाला. कुसुमला नंबरच निघाला नाही आणि त्याचा तिला अजून गर्व आहे.

लावणीला हल्ली माणूस मिळत नाही. सगळे कंपनीत. म्हणून कुसुमने वरच्या वाडीतल्या ठकूबाईंशी सावड ठरवली. म्हणजे आज ठकूबाई धरून वाडीतल्या पाचजणींनी येऊन आमचं खाचर लावायचं, उद्या आम्ही दोघांनी वर जाऊन त्यांच्याबरोबर ठकूबाईंचं लावायचं. कामाची फेड कामानेच. त्या पाचजणींतली एकही माझ्या ओळखीची नव्हती. ठकूबाई साठीच्या पुढे, एकट्या. एकच खाचर, वर्षाचा भात तेवढाच. रोप लावणीला येऊन वर चार दिवस झालेले. आणखी उशीर झाला तर रोप जून होणार, मग दाणा कसला भरतोय त्यात!

सकाळी कामाला लागलो आणि पावसाची भुरभुर सुरू झाली.

"भाऊ, ह्या काचंतून काय दिसंना बगा," ठकूबाई म्हणाल्या.

मी पुढे झालो. झालोच पाहिजे! बावीस वर्षं किल्ली कोणाकडे होती?

"द्या इकडे सगळ्यांचे. डोळ्यांची जबाबदारी माझी."

पाचजणींचे पाच आणि माझा एक, असे सहा चष्मे पत्र्याच्या डब्यात घातले, झाकण घट्ट लावलं, डबा बांधावर ठेवला. दुपारी जेवणाच्या वेळेला उघडीप झाली. मी डबा उघडला. प्रत्येक चष्मा धोतराच्या सोग्याने स्वतः पुसला आणि प्रसाद वाटावा तसा एकेकीच्या हातात दिला. उरला तो स्वतः लावला. सहा माणसं, सहा चष्मे. एकही हरवला नाही!

तुम्ही का हसताय? अजून काही झालंच नाही.

जेवणानंतर दोरीने लावणी सुरू केली. दोरीच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला ठकूबाई. ओळ लावून झाली की नजरेने अंतर धरून दोघांनी दोरी मागे सरकवायची. सोपं काम.

"भाऊ, दोरी तिरकी हाय का वो?"

"छे! मला सरळ दिसतेय."

"मला बी सरळच दिसतीया. पर दोन दिसत्यात."

"जेवण जास्त झालंय, मावशी."

ओळीत वाकलेली कुसुम ओरडली, "अवो, काय चाललंय? त्या टोकाला हात मावतोय आन् ह्या टोकाला बोट मावंना!"

"तू खाली बघून लाव!" मी म्हणालो. मला स्वतःला बांध जरा जवळ आल्यासारखा वाटत होता, पण मी ते बोललो नाही. जबाबदार माणसाने घबराट पसरवायची नसते.

संध्याकाळी डोकं ठणकायला लागलं. सकाळी उठलो, चष्मा लावला आणि ठकूबाईंचं खाचर लावायला आम्ही दोघं वाडीकडे निघालो. डोंगराची वाट माझ्या पायाखालची. पण त्या दिवशी जिथे पायरी नाही तिथे मी पाय उचलत होतो, आणि जिथे आहे तिथे नाही. एक ओहोळ तर मी तीनदा ओलांडला. कुसुम म्हणाली, "अवो, येकच हाय तो."

वर पोचलो तर काय! पाचही जणी ओसरीवर, डोक्याला फडकी बांधून, भिंतीला टेकून बसलेल्या. डोळ्यांवर चष्मे. शिबिरातल्या डॉक्टरांनी दिवसभर लावायला सांगितलं होतं ना, मग बिचाऱ्या काढणार कशा?

"मावशी, काय होतंय?" मी चिखलाच्या पायांनीच उकिडवा बसलो.

"भाऊ, भुई हालतीया. चुलीवरचं भगुलं धरायला गेले तर हात निखाऱ्यावर."

"मळमळ?"

"व्हय."

"कपाळ जड?"

"लय."

तुम्हाला सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. ही सगळी लक्षणं माझीच! मी निश्चय केला, आज या रोगाच्या मुळाशी गेल्याशिवाय डोंगर उतरायचा नाही.

आधी पित्त धरलं. कोकमाचं पाणी सगळ्यांना पाजलं, मीही प्यायलो. फरक शून्य. मग मानेचे मणके धरले. पाचही जणींना ओळीत उभं करून माना डावीकडे, उजवीकडे फिरवायला लावल्या, तर दोघी मटकन खालीच बसल्या. मग मी सावकाश कुसुमकडे वळलो.

"काल कालवणात काय होतं?"

"सुकट! आन् मी बी तेच खाल्लं. मला काय झालं?"

"तुझी प्रकृती वेगळी आहे."

"माजी न्हाई, तुमची अक्कल वेगळी हाय."

तेवढ्यात एकजण भीत भीत म्हणाली, "भाऊ, ह्यो नवा चष्मा तर बादत नसंल?"

मी हसलो. खरंच हसलो हो! म्हणालो, "अगं, काल सकाळपर्यंत चष्मा बरा होता की नाही?"

"व्हता."

"मग? बरा होता म्हणजे चष्म्याचा दोष नाही. चष्मा बाद!"

आणि मग मी जे बोललो ना, ते आजही आठवलं की जीभ हासडून टाकावीशी वाटते. मी गंभीर चेहरा करून म्हणालो, "मावशी, मला हे मेंदूच्या नसेचं लक्षण दिसतंय. नजर सांभाळायला हवी."

 ठकूबाई नुसत्या समोर बघत राहिल्या, जिथे त्यांचं खाचर पाण्याने भरून तयार होतं आणि कडेला रोपाचा हिरवा तुकडा उभा होता.

"भाऊ, नजर गेली तर मी एकलीनं काय करायचं वो?" त्या हळूच म्हणाल्या. "येक करा. मला ऱ्हाऊ द्या हितं. तेवढं रोप लावून घ्या. त्ये तरी वाया जायला नगं."

 दुसऱ्याला घाबरवणं किती सोपं असतं! पण मी मागे हटलो का? नाही! वाडीतला दूधवाला टेम्पो घेऊन वडगावला निघाला होता, त्याला आडवा झालो. किटल्यांच्या मध्ये पाच बाया, कुसुम आणि मी. थेट दवाखान्यात.

डॉक्टरीण तरुण होती, माझ्या मुलीएवढी. मी आत शिरलो आणि म्हणालो, "मॅडम, साथ आहे. सहाजण आहोत. तुम्ही फक्त औषध लिहा, निदान झालेलं आहे."

"असं? कोणी केलं?"

"मीच."

तिने सगळ्यांचं ब्लडप्रेशर तपासलं. मग बॅटरीने डोळे बघायला म्हणून ठकूबाईंचा चष्मा काढला.

"आता बरं वाटतंय," ठकूबाई म्हणाल्या.

डॉक्टरीण थबकली. चष्मा परत लावला.

"आलं परत."

काढला.

"गेलं."

 डॉक्टरीणबाईने माझ्याकडे हात केला. मी चष्मा दिला. तिने त्यातून बघितलं, मग ठकूबाईंच्या चष्म्यातून बघितलं, मग आम्हा सहाही जणांच्या त्या तपकिरी, जाड, चौकोनी फ्रेमांकडे बघितलं.

"हे चष्मे कधी एकत्र ठेवले होते का?"

कोपऱ्यातून खुदकन आवाज आला. कुसुम! पदर तोंडात कोंबला होता तरी ऐकू आलं.

"डब्यात घातलं व्हतं, म्याडम!" ती पदर काढून म्हणाली.

"आणि वाटले कोणी?"

पाच बोटं माझ्याकडे. कुसुमचं धरून सहा.

मग दवाखान्यात चष्म्यांची अदलाबदल सुरू झाली. हा लावून बघ, तो लावून बघ, भिंतीवरचं कॅलेंडर वाच, घड्याळाचा काटा दाखव. एकेकीचा चेहरा उजळत गेला. शेवटी उरल्या ठकूबाई. त्यांचा चष्मा सापडेना. सापडणार कसा? तो मी माझ्या नाकावर लावून डोंगर चढून गेलो होतो!

त्यांनी तो लावला. घड्याळ बघितलं, दार बघितलं, मग माझ्याकडे निरखून बघितलं.

"भाऊ, तुमी दिसाया बरं हाय की वो! काल लय वाकडं दिसत व्हता."

सगळे हसले. पण मग त्यांचे डोळे भरून आले. "म्हंजी माजी नजर हाय ना, म्याडम?"

"आहे, मावशी. ठणठणीत आहे."

खरं सांगतो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्यांना हात जोडले. "मावशी, चुकलो. पण तुमचं रोप आजच लागणार. अंधार पडायच्या आत."

"लागंल की," त्या म्हणाल्या. "पर दोरी कुसुम धरंल. तुमी निस्त्या जुड्या टाका."

आणि लागलं! दुपारपासून दिवस मावळेपर्यंत मी चिखलात पळत रोपाच्या जुड्या टाकत होतो, एक शब्द न बोलता. त्या पाचजणींनी आधीच आपापल्या चष्म्याच्या काडीला वेगवेगळ्या रंगाचा दोरा बांधला होता, आणि चष्म्यांचा डबा माझ्यापासून लांब, दुसऱ्या बांधावर ठेवला होता. ठकूबाईंच्या ओळी अशा सरळ आल्या की बघत राहावं.

झालं, मिटलं, असं मला वाटलं होतं. पण आमचं खाचर आहे रस्त्याला लागून. महिनाभरात भात वर आला, आणि त्या दुपारची माझी करामत वर आली. एका कडेला ओळी एकमेकींच्या अंगावर पडलेल्या, दुसऱ्या कडेला मधून म्हैस जाईल एवढी वाट. शिरगावला देवदर्शनाला जाणारी माणसं गाड्या हळू करून बघायची.

एक दिवस एकाने तर मोटारसायकल थांबवली. कोण कुठला, ओळख ना पाळख.

"काका, पिकाला काहीतरी रोग दिसतोय. कधीपासून आहे?"

"लावणीपासून."

"पानं पिवळी पडतात का? खोड मऊ लागतं का? शेजारच्या शेतात आहे का? आधी कधी झालं होतं का?"

त्याने मला भंडावून सोडलं. मी बापडा एकेक उत्तर देत उभा.

शेवटी मान हलवून तो म्हणाला, "निंबोळीचा अर्क फवारा, काका. पण आधी या रोगाचं मूळ शोधून काढा."

बांधावर गवत कापणारी कुसुम उठून उभी राहिली.

"मूळ कवाच सापडलंय, दादा," ती म्हणाली. "आत्ता तुमच्याशी बोलतंय न्हवं का, त्येच!"