चंद्रीच्या पानावरचे दाजी

आमच्या दाजींइतका टापटिपीचा माणूस प्रवरेच्या दोन्ही काठांवर दुसरा झाला नाही, आणि टापटिपीने घरच्यांना इतका ताप दिलेला माणूसही झाला नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. नव्वदच्या दशकाच्या शेवटी साखर कारखान्यातली कायमची नोकरी सोडून त्यांनी कोल्हारला रस्त्यालगत कॉम्प्युटर क्लास काढला, तेव्हा आमच्या माहेरी कुणी धड जेवलं नाही. मी मात्र कॉलेजात ऐटीत सांगायचे, आमचे दाजी वेबसाइट बनवतात. वेबसाइट म्हणजे काय हे मलाही ठाऊक नव्हतं.

वेबसाइट होती दूध संस्थेच्या सभासदांच्या विकाऊ गायींची. दाजींचा नियम, एका गायीला एक फाइल. प्रत्येक फाइलीत गायीचं नाव, वेत, दूध, फोटो आणि खाली संस्थेचा फोन नंबर, सगळं हाताने टाइप केलेलं. घरातही तोच कारभार. मिठाच्या बरणीवर 'मीठ' आणि झाकणावर पुन्हा 'मीठ', कारण झाकणं बदलतात. मग संस्थेचा नंबर बदलला. दाजी एकेक गाय उघडून तो दुरुस्त करत बसले, तरी काही गायींवर जुनाच राहिला आणि गिऱ्हाइकांचे फोन भलत्याच एका शिंप्याकडे जाऊ लागले. चेअरमननी निरोप धाडला, सोमवारी येऊन बघतो, नाहीतर काम नगरच्या माणसाला देतो. क्लास त्या एका कामावर तगून होता. ते गेलं असतं तर दाजींना पुन्हा कारखान्याच्या दारात उभं राहावं लागलं असतं.

दुसरा कुणी फाइली तपासत बसला असता. दाजींनी त्या बाजूला सारल्या आणि एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून नवीच पद्धत शिकायला घेतली. तिच्यात फाइल नाही, वस्तू. गाय ही वस्तू, गाय गोठ्यात, गोठा संस्थेत. एखादी गोष्ट वस्तूपाशी नसली की ती वरच्या वस्तूकडे मागायची. हे त्यांच्या अंगात इतकं भिनलं की भाजी अळणी झाली असं मी म्हटलं तर ते ताईला समजावू लागले, "परत्येक भाजीत मीठ कशाला? ताटात एकदाच वाढायचं. जिला कमी पडंल ती घेईल." बरण्यांवरच्या चिठ्ठ्या काढून त्यांनी फळीवर एकच 'किराणा' लिहिलं, आणि आम्ही मीठ घातलेला चहा प्यायलो. ताई त्यांच्याशी बोलेनाशी झाली, ते त्यांच्या लक्षातच आलं नाही.

सोमवारी चेअरमन पंचमंडळींना घेऊन आले. मी सुट्टीला तिथेच होते. दाजींनी मोठ्या थाटात चंद्री नावाची गाय उघडली. दुसरं वेत, शांत स्वभाव, आणि फोटोच्या जागी फेटा नि मुंडावळ्या बांधलेले आमचे दाजी. चंद्रीचा फोटो नगरहून धुऊन यायचा होता. तिने तो गोठ्याकडे मागितला, गोठ्याने संस्थेकडे, आणि सगळ्यात वर दाजींनी तपासण्यापुरता स्वतःचा लग्नातला फोटो ठेवून दिला होता. काढायचा राहून गेला.

चेअरमन पडद्यापाशी वाकले. मग म्हणाले, "मास्तर, हे दूध किती देतंय?"

मंडळी हसून लोळायची बाकी राहिली. दाजींच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. त्यांनी सगळ्यात वरच्या वस्तूत नवा नंबर लिहिला आणि चेअरमनना म्हणाले, आता कुठलीही गाय उघडा. चेअरमननी उघडली. मग दुसरी, तिसरी, मग हट्टाने शेवटची. सगळीकडे नवा नंबर.

"एकदाच लिवला?"

"एकदाच. जिच्याकडं न्हाई ती वर मागती. फकस्त वर कुनीतरी असाया पायजे."

काम राहिलं, क्लास राहिला. त्या दिवशी मला दाजींचा जो अभिमान वाटला तो आजही कमी झालेला नाही.

पुढे आमचे वडील गेले. माझं उरलेलं शिक्षण, माझं लग्न, जे जे माझ्यापाशी नव्हतं ते मी दाजींकडे मागितलं, आणि त्यांनी ते मुकाट्याने दिलं.

आता दाजींना नावं आठवत नाहीत. परवा कोल्हारला गेले तर ते ओसरीवर एका गायीचा जुना फोटो हातात धरून बसले होते. बराच वेळ त्यांनी आठवून पाहिलं, मग माझ्याकडे बघितलं.

"हिचं नाव काय गं?"

"चंद्री, दाजी."

"व्हय, चंद्री," ते म्हणाले, आणि सरकून त्यांनी मला शेजारी बसायला जागा केली.