कोपरा फाडलेलं कार्ड

परभणीला चाललेय म्हटल्यावर मिरज स्टेशनवर दोघांनी मला "तिकडं काय आहे?" असं विचारलं. "माझं आजोळ आहे," एवढंच सांगितलं आणि खिडकी धरून बसले. खरं तर आजोळात आता आमचं कुणीच नाही. शेत गेलं, घर पडलं. मी चालले होते एका पत्राच्या शोधात, आणि ते पत्र कधी लिहिलं गेलं होतं की नाही, हेही कुणाला ठाऊक नव्हतं.

पत्र असलंच तर माझ्या दिगूमामाचं. मामा मनमाडला रेल्वेत कामाला होता. माझी आई, सुमन, सातवीत पहिली आली तेव्हा तिला पुढच्या शाळेला मनमाडला नेतो म्हणाला. आजोबांनी तिचं लग्न ठरवलं. बापलेकांचं जोरात वाजलं आणि "मी या लग्नाला येणार नाही" असं बजावून मामा निघून गेला. आला नाही तो नाहीच. लग्नानंतर पंधरा दिवसांनी काविळीने गेला, असा निरोप आईला सासरी मिळाला. तेव्हापासून मामाचा विषय निघाला की आईचं एकच वाक्य: "बोलला तसा वागला. आला नाही."

आई आता ऐंशीची आहे. दिवाळीनंतर दवाखान्यातून घरी आणली तेव्हा दुसऱ्याच दिवशी म्हणाली, "निदान एखादं कार्ड टाकलं असेल गं त्यानं लग्नाच्या वेळी. तुझ्या आजोबांना वाचता येत नव्हतं, सगळी पत्रं शाळेचे गुरुजी वाचायचे. तू पोस्टातली ना? बघ की!"

हो, मी पोस्टातली. सगळी नोकरी टपाल लावण्यात गेली. पुसट शिक्का वाचण्यात माझा हात धरणारं आमच्या ऑफिसात कुणी नव्हतं, हे मी सांगते असं नाही, सगळे सांगत. त्यातच मला कळलं की गुरुजींची ट्रंक परभणीतल्या एका छोट्या दफ्तरखान्याला (जुने कागद जपणाऱ्या जागेला) मिळाली आहे. मग काय, बॅग भरली.

सकाळी परभणीला उतरले. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याने विचारलं, "कुठं जायचंय मावशी? कुठून आलाव?"

"मिरजेहून."

"जगात जर्मनी, भारतात परभणी! बसा," म्हणाला आणि बाजारातून अशी रिक्षा घातली की माझा जीव मुठीत. पण आधी नाश्ता करा म्हणून त्यानेच एका टपरीपाशी थांबवलं. तिथं सुशीला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा पोह्यांसारखा तिखट प्रकार) खाल्ली. आई हा शब्द नेहमी म्हणायची आणि आम्ही भावंडं हसायचो, बाईचं नाव काय खाता म्हणून. दोन बशा खाल्ल्या.

दफ्तरखाना म्हणजे एका जुन्या इमारतीतल्या दोन खोल्या. लोखंडी कपाटं, कडुलिंबाच्या पाल्याचा वास आणि काळे सर. काळे सर इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. गावोगाव फिरून लोकांच्या माळ्यावरची पत्रं, रोजनिशा, लग्नपत्रिका गोळा करतात. मी गुरुजींचं नाव घेताच त्यांनी दोन गोष्टी टेबलावर ठेवल्या: रोजनिशीच्या जाड वह्यांचा एक गठ्ठा आणि सुतळीने बांधलेली पोस्टकार्डं.

"ही कार्डं बघा ताई. असला गठ्ठा आमच्याकडं दुसरा न्हाई. कुणाकडंच नसंल."

मी वरचं कार्ड उचललं आणि हात तसाच थांबला. त्याचा कोपरा फाडलेला होता. खालच्याचाही. सगळ्यांचेच.

नव्या मुलांना हे सांगावं लागेल. कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे कुणी तरी गेल्याची बातमी. असं कार्ड वाचायचं, तिथंच फाडायचं, अंघोळ करायची. उंबऱ्याच्या आत न्यायचं नाही. म्हणून घरोघरी प्रेमाची पत्रं सापडतील, भांडणाची सापडतील, पण मरणाचं कार्ड सापडायचं नाही. माझ्या हातून अशी कार्डं रोज जायची, पण वाटल्यानंतर परत दिसलेलं एकही आठवत नाही.

"गुरुजी शाळा सांभाळून गावचं टपालही बघायचे," काळे सर म्हणाले. "लोक कार्ड ऐकायचे आन् तिथंच टाकून जायचे. फाडा म्हणायचे. गुरुजी म्हणायचे, टपाल फाडायचा मला हुकूम न्हाई."

हे ऐकून मला गुरुजी एकदम आवडले. आमच्याच जातकुळीचा माणूस! पण हे प्रेम फार तर अर्धा तास टिकलं.

गठ्ठ्याच्या मध्यावर माणिकरावांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या नावचं कार्ड निघालं. मनमाडहून मामाच्या खोलीतल्या मित्राने लिहिलेलं. शाई फिकी, अक्षर घाईचं: "दिगंबर काल पहाटे काविळीने गेला. बहिणीच्या लग्नाची आठ दिवसांची रजा मंजूर झाली होती. दवाखान्यातून उठलाच नाही."

मी ते दोनदा वाचलं. मग कार्ड उलटं करून परभणीचा शिक्का भिंगातून पाहिला, कारण माझा विश्वास बसेना. आईच्या लग्नाची तारीख मला चुकणं शक्य नाही, दर वर्षी त्या दिवशी घरात पेढे येतात. कार्ड परभणीला पोचलं होतं लग्नाच्या तीन दिवस आधी.

म्हणजे मामा लग्नानंतर गेलाच नव्हता. मांडव पडायच्या आधीच गेला होता. आणि रुसलाही नव्हता. रजा काढून बसला होता!

"गुरुजींनी टपाल दाबलं!" मी ओरडलेच. "तीन दिवस! सर, आमच्याकडं यासाठी माणूस घरी बसतो."

"रोजनिशीत असंल काही तरी," सर शांतपणे म्हणाले.

मी तावातावाने वही उघडली आणि तोंडावर पडले. वही उर्दूत. गुरुजी निजामाच्या अमलातले, शिकले ते उर्दूतच. वर सर हळूच म्हणाले, "ताई, तिकडून न्हाई. उजवीकडून उघडा." सारा जन्म शिक्के वाचणारी मी, वहीचं तोंड कुठलं हेही मला कळलं नव्हतं. उर्दू वाचणाऱ्या वहीदा आपा पाथरीला लेकीकडे गेल्या होत्या, त्या परवा येणार होत्या.

मधला दिवस मी रिकामा कशाला घालवू? गुरुजींच्या सूनबाई अजून आमच्या आजोळच्या गावात आहेत असं कळलं. गाव पोखर्णीच्या अलीकडे. जीपवाल्याला तीनदा बजावलं, तरी त्याने मला थेट पोखर्णीलाच नेऊन उतरवलं. "अरे, माझं गाव मागं राहिलं!" तर म्हणतो, "नरसिंहाचं दर्शन घ्या की आता. देवानंच बोलिवलं असंल." देवाचं नाव घेतल्यावर भांडायचं कसं? दर्शन घेतलं. नरसिंहाला मात्र स्पष्ट सांगितलं की तू खांबातून योग्य वेळी बाहेर आलास, आमच्याकडं एक कार्ड खिशातून बाहेर आलं नाही.

परत चालत निघाले. दोन्ही बाजूंना काळी जमीन, फुटलेला कापूस, बायका वेचणीला वाकलेल्या. तुरीला शेंगा लागल्या होत्या. याच रस्त्याने आई सासरी गेली असणार. मला भरून आलं आणि रागही आला. चालताना दोन्ही सोबतीला होते.

शांताबाई, म्हणजे गुरुजींच्या सूनबाई, सत्तरीच्या. मी कोण ते कळल्यावर त्यांनी आधी धपाटे (ज्वारीच्या पिठाच्या तिखट जाड पोळ्या) आणि दही पुढे ठेवलं. मग माझी तक्रार ऐकून घेतली.

"ती कार्डं मव्ह्या सासूनं घरात येऊ दिली न्हाईत कधी," त्या म्हणाल्या. "गोठ्यात ठिवायचे मामंजी. सासू म्हणायची, मेलेल्यायची जत्रा भरवलीय. लय कटकट व्हायची. पण फाडली न्हाईत."

"आणि जिवंत माणसाला वेळेवर दिलंही नाही," मी म्हणाले.

शांताबाईंनी माझ्या ताटात आणखी एक धपाटा टाकला. "खा आधी. उपाशी माणसाला कुणाचंच खरं वाटत न्हाई."

तिसऱ्या दिवशी वहीदा आपा आल्या. निवृत्त शिक्षिका, पांढरी ओढणी, गळ्यात दोरीला लटकवलेला चष्मा. वही डोळ्यांजवळ नेऊन आधी "काय खूबसूरत अक्षर हाय मास्तरांचं" म्हणाल्या. मग बोट ठेवून उर्दू वाचायचं, थांबायचं आणि मराठीत सांगायचं, असं सुरू झालं.

"'आज माणिकरावांच्या नावचं कार्ड आलं, फाटक्या कोपऱ्याचं. माणिकराव मांडवाच्या मेढी रोवायलेत. सुतक ऐकल्यावर लागतं आणि ऐकवणारा मीच. लग्न मोडलं तर पोरीला पांढऱ्या पायाची म्हणतील. वरात जाईपर्यंत मी गप्प. पोस्टमास्तर म्हणून मी आजपासून गुन्हेगार.'"

गुरुजींनी स्वतःच स्वतःला गुन्हेगार लिहून ठेवल्यावर मी आणखी काय लिहिणार?

आपांनी पान उलटलं. "'वरात गेली. माणिकरावांना शाळेत बोलावून वाचून दाखवलं. भिंतीला टेकून बसले. मग म्हणाले, लग्न सुतकात झालं हे सासरी कळलं तर पोरीला जगू देणार नाहीत. पंधरा दिवसांनी गेला असं सांगू. मी म्हणालो, निदान रजेचं तरी तिला कळवा, भाऊ रुसला असं तिला वाटतंय. ते म्हणाले, रजेचं सांगितलं की तारीख निघेल. रुसला म्हणूनच राहू द्या.'"

आपांनी चष्मा काढला. खोलीत पंखा फिरत होता. मला रडू आलं ते मी अडवलं नाही. आजोबांनी एका बाजूला पोरीचा संसार ठेवला, दुसऱ्या बाजूला मेलेल्या पोराची इज्जत, आणि पोराची सोडली. एकट्याने. पुढे पंचवीस वर्षं जगले, पण लेकीला काही म्हणाले नाहीत.

"आता आईला सांगू की नको?" मी विचारलं. येताना असला प्रश्न मला पडला नव्हता. "सांगितलं तर भाऊ मिळेल, पण वडील खोटं बोलले हेही कळेल. तिचा वडिलांवर फार जीव."

"अब्बाची शान ठेवायची का भावाची, हे तुमी कशाला ठरवायलाव?" आपा म्हणाल्या. "तुमच्या अम्मीला ठरवू द्या की. आतापर्यंत दुसऱ्यायनीच ठरवलंय."

काळे सरांनी कार्डाची आणि त्या पानांची नक्कल काढून दिली. आपांनी पानांच्या मागे स्वतःच्या हाताने मराठी अर्थ लिहिला आणि खाली सही केली. मी संध्याकाळच्या गाडीने निघाले.

प्रवासाने माणूस शहाणा होतो म्हणतात. मी एवढंच शिकले की टपाल दाबणारा प्रत्येक जण चोर नसतो आणि म्हणून त्याचं दाबणं बरोबरही ठरत नाही. साठ-पासष्ट वर्षं माझी आई एका मेलेल्या माणसावर रुसून बसली. गुरुजी, आजोबा, मामा, तिघांपैकी एकानेही तिचं वाईट चिंतलं नव्हतं आणि तरी तिचं वाईट झालंच. याचा जाब कुणाला विचारायचा, हे परळी मागे पडेपर्यंत मला सुचलं नाही. पुढेही सुचलं नाही.

मिरजेला घरी पोचले तेव्हा आई पायरीवर उन्हात बसली होती. माझ्या हातातला कागद आणि माझं तोंड लांबूनच बघून म्हणाली, "कोपरा फाडलेलं आहे ना? आत नको नेऊस. इथंच वाच."

मी शेजारी बसले आणि काही न गाळता सगळं वाचलं. कार्ड, मग वहीतली पानं, आजोबांचं बोलणंसुद्धा. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होती. संपल्यावर तिने ते टोक सोडवलं. मग म्हणाली, "दादा एकटेच सोसत बसले गं." वडिलांना ती दादा म्हणायची. एवढंच. त्यांच्याबद्दल दुसरा शब्द तिने काढला नाही.

"रजेचं परत वाच."

वाचलं.

"किती दिवसांची?"

"आठ."

"आठ दिवस!" ती म्हणाली. "रेल्वेत तेव्हा दोन दिवस मागितले तरी साहेब अंगावर यायचा. आठ दिवस म्हणजे हळदीपासून राहणार होता तो." आणि ती रडायला लागली, लहान मुलगी रडते तशी, मोठ्याने. मी तिला धरून बसले.

समोरच्या वहिनी फाटक उघडून धावत आल्या. "काय झालं हो काकू? कोण गेलं?"

आईने पदराने तोंड पुसलं आणि मान वर केली.

"माझा भाऊ," ती म्हणाली. "माझ्या लग्नाला यायला रजा काढली होती त्यानं. आठ दिवसांची!"