हसायचं नाही, टेप चालू आहे

त्या मालिकेतल्या दिवाणखान्याचं दार एका शुक्रवारी आत उघडायचं आणि पुढच्या शुक्रवारी बाहेर. आजही कुणी त्या मालिकेचा विषय काढला की मी आधी हेच विचारते, दार आठवतंय का? आठवत असेल तर तो माणूस आपला. भिंतीवरच्या घड्याळात कायम दहा वाजून दहा मिनिटं झालेली असायची. मालिकेतल्या नवऱ्याच्या ऑफिसातला सोफा म्हणजे त्याच्या घरातलाच सोफा, नुसता अभ्रा बदललेला. आणि त्यांची मोलकरीण आम्हाला शेवटपर्यंत दिसली नाही, फक्त आतून भांडी आपटल्याचा आवाज यायचा. आज ती कुणावर चिडली आहे ते आम्हाला त्या आवाजावरून बरोबर कळायचं.

गोष्ट म्हणाल तर काहीच नव्हती. विम्याचा एजंट असलेला नवरा, जो जगभर दारं वाजवत फिरायचा आणि स्वतःच्या दारावरची बेल वाजली की घाबरायचा. दर आठवड्याला नवा धंदा काढणारी बायको. आणि वरच्या मजल्यावरचा घरमालक, नळ गळतो का बघायच्या निमित्तानं नेमका चहाच्या वेळी टपकणारा. पण अहो, काय हसायचो आम्ही. सदाशिव पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत शुक्रवारी जेवणं लवकर उरकायची, आई ओटा पुसून हात कोरडे करत यायची, अण्णा टीव्हीची सरकती दारं उघडायचे आणि मी व ताई पुढची जागा पकडायला भांडायचो. तेव्हा मी कॉलेजात होते, पण जागेसाठी भांडायला वयाची अट नसते.

आमच्यात खरी हसरी ताई. तिचं हसू विनोदाच्या आधी सुरू व्हायचं. घरमालकानं जिन्यावर पाय ठेवला की हिची खिखी सुरू, आणि मग तो काय बोलला ते आम्हाला कुणालाच ऐकू यायचं नाही. मी चिडून तिला चिमटे काढायची. अण्णा म्हणायचे, "तुम्ही दोघी बाहेर जाऊन हसून या, तोवर मी बघतो."

मालिका ऐन रंगात असताना त्या वैशाखात ताईचं लग्न झालं. जिजाजी इंजिनिअर, तळकोकणात एका धरणाच्या कामावर. चहूबाजूंनी डोंगर, मध्ये वसाहत, आणि टीव्हीचं चित्र त्या डोंगरांपलीकडे जायला तयार नाही. घरात वीज होती, नळ होता, नवरा चांगला होता, पण ताईला तिथं करमेना. तसं ती म्हणाली नाही. खालच्या मजल्यावरच्यांकडे तिचा ट्रंककॉल आला की ती आधी विचारायची, "शुक्रवारी काय झालं ग?" मी एका श्वासात सगळं सांगायला लागायची, आणि गोष्टीतला घरमालक आत येईपर्यंत वेळ संपून फोन बंद पडायचा. आईला तिच्याशी बोलायलाच मिळायचं नाही. जिना चढताना आई म्हणायची, "पोरगी हसली का ग?" आणि मला खोटं बोलता यायचं नाही. नव्हती हसली. आईच्या जिवाला तोच घोर लागला होता, की ही तिथं रमणार की नाही.

टेपची कल्पना माझी, हे मी आजही ठासून सांगते. घरातला टेपरेकॉर्डर टीव्हीपुढे स्टुलावर ठेवायचा, अख्खा भाग टेप करायचा आणि कॅसेट धाडून द्यायची. धरणावरची जीप दर आठवड्याला पुण्याच्या ऑफिसात यायचीच. अण्णांनी त्याच संध्याकाळी बुधवार पेठेत जाऊन कोऱ्या कॅसेट आणल्या आणि लगेच कारभार हातात घेतला. पंखा बंद. कुकर लावायचा नाही. बोलायचं नाही, खोकायचं नाही आणि मुख्य म्हणजे हसायचं नाही.

"हसायचं नाही?" आईनं विचारलं.

"तुमचं हसणं ऐकायला कॅसेट पाठवत नाहीये. तिला मालिका ऐकू दे."

तो पहिला शुक्रवार मी जन्मात विसरणार नाही. उकाड्यानं जीव चाललेला, आई तोंडात पदराचा बोळा कोंबून बसलेली, मी उशीत तोंड खुपसलेलं. घरमालक आला. त्यानं नळ पिरगाळला आणि नळच हातात आला. मी उशी चावली. आईचे खांदे गदगदा हलायला लागले. आणि तेवढ्यात मागून असा काही आवाज आला, आधी नाकातून, मग घशातून, मग थेट पोटातून, की आम्ही दोघींनी वळून पाहिलं. अण्णा. एरवी मिशीतल्या मिशीत हसणारा माणूस, खुर्चीला धरून फुटला होता. मग काय, बांधच फुटला. उरलेला भाग आम्ही तिघं नुसते लोळत होतो.

टेप बंद झाल्यावर अण्णा ओशाळून म्हणाले, "ही कॅसेट बिघडली. पुसून परत वापरू." आई ती उचलून कपाटात ठेवता ठेवता कपाटालाच म्हणाली, "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण."

पुढच्या आठवड्यापासून अण्णांनी नामी शक्कल काढली. मालिका लागली की आम्हा दोघींना स्वयंपाकघरात घालवायचे आणि दार लोटून घ्यायचे. आम्ही फटीतून बघायचो, बोळे तोंडात तसेच. ते स्वतः टेपशेजारी दातांत रुमाल धरून बसायचे. अशा स्वच्छ, निर्मळ कॅसेट एकामागून एक जीपमधून रवाना झाल्या. मी प्रत्येकीवर सुवाच्य अक्षरात भागाचं नाव माझ्या मनानं घालायची. आम्हाला वाटायचं, काय ऐश चालली असेल तिची.

श्रावणात जिजाजी कामासाठी पुण्यात आले. माणूस मुळात मितभाषी, त्यात सासुरवाडी. चहा झाल्यावर मी अधीर होऊन विचारलं, "आवडतात ना कॅसेट तिला?"

त्यांनी कप खाली ठेवला. "आधी ऐकायची. हल्ली लावत नाही."

"का? आवाज नीट येत नाही का?" अण्णा पुढे सरकले.

"आवाज उत्तम आहे. म्हणते, सगळे हसतात पण ओळखीचं कुणीच नाही."

त्या मालिकेत मागून माणसं हसल्याचा आवाज घालायचे ना, तोच तेवढा आम्ही इमानानं टेप करून पाठवत होतो. परक्यांचं हसू तिला, आणि आमचं आम्ही पदरात नि उशीत कोंबत होतो. मला स्वतःचा इतका राग आला म्हणून सांगू. आई उठली, कपाट उघडलं आणि ती बिघडलेली कॅसेट जिजाजींच्या हातावर ठेवली. "ही द्या तिला," म्हणाली. अण्णा नको म्हणाले नाहीत.

त्या शुक्रवारी आम्ही पंखा लावला आणि मोकळेपणानं हसलो. पुढच्याही शुक्रवारी हसलो. घरमालक नुसताच उभा राहून तोंडं करायचा, ते कॅसेटवर कसं कळणार, म्हणून मी मध्येच ओरडून सांगायची, "ताई, आता तो भुवया उडवतोय." अण्णा दटावायचे, "सोप्या शब्दांत सांग, आणि आधी सांगू नकोस." तेही टेप व्हायचं.

काही आठवड्यांनी जीपच्या ड्रायव्हरनं उलट आम्हालाच एक कॅसेट आणून दिली. ताईनं शेजारणीचा टेपरेकॉर्डर मागून आणला होता आणि आमची कॅसेट ऐकता ऐकता आपली खोली टेप केली होती. आम्ही ती लावली. आधी मालिका, लांबून आल्यासारखी. त्यात आमचं तिघांचं हसू. आणि त्या सगळ्याच्या वर, विनोदाच्या कितीतरी आधी, ताईची खिखी. आईनं माझा हात घट्ट धरला. पण ताई एकटी नव्हती. आणखी बायका हसत होत्या, चार-पाच तरी असाव्यात, एकीचं तर म्हशीच्या रेकण्यासारखं हसू.

"ह्यो हसता तो कोण गो?" एकीनं विचारलं.

"ते आमचे अण्णा. एरवी हसत नाहीत, फक्त ह्यालाच."

अण्णा खुर्चीत ताठ बसून ऐकत होते, पण कान लाल झाले होते.

मालिका संपली तरी टेप चालूच होता. बांगड्या वाजल्या, कुणीतरी चटई झटकली, चपला शोधल्या. मघाचीच बाई म्हणाली, "फुडच्या येळेक आमच्याकडे जमूया."

"नको, आमच्याच घरी या," ताई म्हणाली. "मी आधीच पोहे करून ठेवते."

मला तर हसावं की रडावं कळेना. आजवर ताई फोनवर 'घरी कधी येऊ' म्हणायची तेव्हा घर म्हणजे पुणंच असायचं. ते म्हणणं कधी बदललं ते मला कळलंच नव्हतं, आणि खरं सांगते, क्षणभर वाईट वाटलं. आई मात्र उठली. त्या यंत्राला तिनं कधी बोट लावलं नव्हतं. दोनदा भलतंच बटण दाबून तिसऱ्यांदा तिनं टेप मागे घेतला आणि तेवढं वाक्य पुन्हा ऐकलं.

"रमली हो," ती अण्णांना म्हणाली, आणि पुन्हा टेप मागे घेतला.