विमानात न बसलेली इंजिनीअर

शलाका अशोकराव सावंत, विद्युत अभियंता, हिच्यावर अन्याय झाला तो तिच्या लग्नाच्या दिवशी, संध्याकाळी, सासरचा उंबरठा ओलांडून ती पाटावर बसली तेव्हा. ताटात तांदूळ पसरले होते. नवऱ्याने अंगठीने त्यात ‘मनाली’ असं लिहिलं आणि नणंदेने पेढे वाटले. नवऱ्याचं नाव मनीष निकम. मनीष-मनाली. एखाद्या सहल कंपनीच्या पाटीसारखं जुळलं म्हणून घरात केवढं कौतुक झालं. तिला कुणी विचारलं नाही. विचारायचं असतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं. अन्याय करणारे सगळे प्रेमळ होते आणि सगळ्यांच्या तोंडात पेढा होता.

आम्ही त्यांना ओळखायचो ते ट्रान्सफॉर्मर काकू म्हणून. बडोद्याच्या निजामपुऱ्यातल्या आमच्या सोसायटीत त्या समोरच्याच घरात राहायच्या आणि रोज सकाळी स्कूटरवरून गोरव्याच्या कारखान्यात जायच्या, मोठमोठ्या ट्रान्सफॉर्मरची डिझाइनं करायला. त्यांची एक खोड सगळ्यांना माहीत होती. पहिल्या हाकेला त्या कधी ओ देत नसत. ‘मनाली’ अशी हाक आली की मान कामातच, दुसऱ्यांदा आली की दचकून ‘हां’. त्यांच्या सासूबाई, माईसाहेब, सांगायच्या की सूनबाईला जरा कमी ऐकू येतं. कान उत्तम होते. चाचणीला लावलेल्या ट्रान्सफॉर्मरची गुणगुण बदलली, तर शेडच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या काकूंना ती ऐकू यायची. फक्त हाक कुणाला मारली, हे ठरवायला त्यांना वेळ लागत असे.

सोसायटीने त्यांच्या हुशारीचा पुरेपूर मान राखला. म्हणजे ज्याचा मिक्सर बिघडला तो त्यांच्याकडे घेऊन जायचा. लाइट गेले की बायाबापड्या गॅलरीत येऊन त्यांच्या घराकडे रागाने बघायच्या, जणू काकूंनीच बटण बंद केलंय. काकू स्क्रूड्रायव्हर घेऊन मिक्सर उघडायच्या, दुरुस्तही करून द्यायच्या. मी एकदा चिडून म्हटलं, तुम्ही इंजिनीअर आहात, नाही म्हणा ना. त्या म्हणाल्या, “अगं, मिक्सर कुठे विचारतो डिग्री कुणाच्या नावावर आहे?” तेव्हा मला ते नुसतं बोलणं वाटलं.

कुठलंही भांडण त्यांच्यापुढे नेलं की पहिला प्रश्न ठरलेला: “लोड किती?” गच्चीवर पाण्याच्या टाकीवरून तंटा असो की कुणाच्या मुलीचं लग्न मोडलेलं असो. सगळ्यांनी सगळं बोलून घेतलं की विचारायच्या, यात नेमकं ओझं कुणावर पडतंय आणि त्याला ते पेलणार आहे का? मी मोर्च्यातून, पत्रकं वाटून, घसा बसवून आले की त्या माझं पत्रक वाचायच्या आणि त्यातली विशेषणं पेन्सिलने खोडायच्या. त्या इथून गेल्यापासून विशेषणं पुन्हा वाढली आहेत, हे वाचकांच्या लक्षात आलंच असेल.

मग एका थंड देशातल्या कंपनीने त्यांना बोलावलं. डिझाइन विभागात वरिष्ठ अभियंता. देशाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष त्या देशाचा नाही आणि तो त्याच्यावर ढकलायची आपल्याला फार हौस असते. तिकडच्या नोकरीच्या परवान्यासाठी त्यांची पदवी तपासून मान्य व्हायला हवी होती. मनीषकाकांना नोकरीचा कंटाळाच आला होता, ते आनंदाने बायकोच्या परवान्यावर सोबत जाणार होते. काकूंनी सगळे दाखले गोळा केले आणि आम्ही निजामपुऱ्यातल्याच जिग्नेशभाईंच्या ऑफिसात गेलो. ते परदेशच्या फायली तयार करून देतात. त्यांनी एकेक कागद उलटला आणि चष्मा कपाळावर चढवला.

“बेन, फाइल तो मस्त छे. पण आ शलाका कोण? तमारी नानी बेन?”

धाकटी बहीण कुठली! पदवी शलाका सावंतची. पहिल्या नोकरीचा दाखला शलाकाचा. गोरव्याच्या नोकरीचा दाखला मनाली निकमचा. आणि पासपोर्ट काढताना फॉर्म भरणाऱ्याने आदरापोटी मागे ‘बेन’ चिकटवलेलं, त्यामुळे परदेशी जाणारी बाई ‘मनालीबेन’ ही तिसरीच. लग्नाचा दाखला काढून बघितला तर आणखी गंमत. ती नोंदणी लग्नानंतर काही वर्षांनी केलेली, अर्ज मनीषकाकांनी भरलेला, आणि त्यात वधूचं नाव सरळ मनाली. सरकारदरबारी शलाका सावंत शिकली, नोकरीला लागली आणि एके दिवशी नाहीशी झाली. तिचं लग्न झाल्याचा कुठेच पत्ता नाही. काकू तो दाखला हातात धरून हसत सुटल्या. म्हणाल्या, “म्हणजे माझं लग्न झालेलंच नाही. हे आधी सांगायचं ना.” मनीषकाका हसले नाहीत.

जिग्नेशभाईंच्या ओळखीच्या वकिलांनी उपाय सांगितला. दोन्ही नावांची बाई एकच आहे असं शपथपत्र करायचं. नवरा स्वतःच त्या परवान्यावर जाणार असल्यामुळे त्याची एकट्याची सही पुरणार नाही. नाव बदललं तेव्हा हजर असलेल्या घरातल्या वडीलधाऱ्या माणसाची हवी. काकूंचे आईवडील राहिले नव्हते. पेढे वाटणारी नणंद म्हणाली, आई करेल तर मी करेन. राहिल्या माईसाहेब.

माईसाहेब हे प्रकरण समजून घ्यायला हवं. निकमांचे पूर्वज बडोद्याच्या सरकारी पागेत घोडेस्वार. घोडे गेले, सरकार गेलं, माईसाहेबांचे यजमान जन्मभर सायकलवरून प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपला गेले, पण घरात माईसाहेबांनी सांगितलेलं फिरत नाही ही शिस्त तेवढी शिल्लक राहिली. कागद पुढे ठेवल्यावर त्यांनी तो हातातसुद्धा घेतला नाही.

“शलाका नावाच्या मुलीला मी ओळखत नाही. माझ्या घरात मनाली आली.”

मी समजावायला गेले. हक्क, कायदा, समता, सगळं काढलं. त्यांनी शांतपणे माझ्यापुढे लीलो चेवडो, बडोद्याचा तो ओलसर चिवडा, ठेवला आणि म्हणाल्या, तुझं लग्न झालं की कळेल. मी रागाने तो सगळा संपवला.

काकू मात्र रागावल्या नाहीत, याचाच मला जास्त राग आला. त्यांना दिसत होतं ते मला दिसत नव्हतं. एका दुपारी माईसाहेब पापडीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या, काकू शेजारी, मी दारात. माईसाहेब मान वर न करता म्हणाल्या की सही केली की तुम्ही दोघं जाल. काकूंनी त्यांना आधीही सांगून पाहिलं होतं की तुम्हीही चला. त्या गणपतीसमोरचा दिवा कोण लावेल म्हणून नाही म्हणाल्या होत्या. या वेळी काकू एवढंच बोलल्या:

“नाही केलीत तरी जाईन, माईसाहेब. फक्त कमी होऊन जाईन.”

माईसाहेबांचा हात थांबला. मग पुन्हा पापडी सोलू लागल्या. सही झाली नाही.

कंपनीने दिलेली मुदत संपत आली तेव्हा जिग्नेशभाईंनी तोडगा काढला. “शलाकाने काढी नाखो,” ते म्हणाले, म्हणजे शलाकाला काढून टाका, अगदी भाजीतला खडा काढायच्या सुरात. त्याच कंपनीत टेक्निशियनची जागा होती. तिला पदवी लागत नाही, मनालीचा अनुभव पुरतो. काकूंनी रात्रभर विचार केला असं म्हणायला मला आवडलं असतं. त्यांनी तिथेच होकार दिला. पन्नाशी जवळ आलेल्या बाईला दुसरं बोलावणं येत नाही हे त्यांना माहीत होतं. पदवी फायलीतून बाहेर काढून त्यांनी पर्समध्ये ठेवली, आणि परवाना बिनबोभाट मिळाला.

निघाल्या त्या दिवशी अहमदाबादच्या विमानतळाला जायची गाडी दारात उभी होती. माईसाहेबांनी हातावर दही घातलं, पदराने डोळे टिपले, लोणच्याची बरणी नीट गुंडाळली आहे ना हे तीनदा विचारलं. प्रेमात काही कमी नव्हतं. विमानात बसली ती मनालीबेन निकम, टेक्निशियन. इंजिनीअर तिला सोडायलाही आली नाही. तिला कुणी ओळखतच नव्हतं.

आता काकू अधूनमधून फोन करतात. तिकडे नुकताच कॉलेजातून बाहेर पडलेला एक मुलगा त्यांचा साहेब आहे. चांगला आहे, म्हणतात. त्याच्या आराखड्यात चूक दिसली की आधी त्याला विचारावं लागतं, “मी काही बोलले तर चालेल का?” हे सांगताना त्या हसतात, आणि मला ते हसणं ऐकवत नाही. इकडे माईसाहेब सोसायटीभर सांगतात की आमची मनाली परदेशात मोठी इंजिनीअर आहे. परवा मी तोंडावर म्हटलं की माईसाहेब, इंजिनीअर होती ती शलाका. त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. त्यांचेही कान उत्तम आहेत.

ते शपथपत्र अजून सहीविना पडून आहे. आज सही झाली तरी पदवी तपासायला पाठवता येते, पद बदलून मागता येतं. तिकडचं दार बंद नाही. बंद आहे ते निजामपुऱ्यातलं.

माईसाहेब हे वाचणार नाहीत. तुम्ही वाचताय. तुमच्या घरात अशी बाई आहे. मान डोलावू नका, आत जाऊन बघा. आई असेल, वहिनी असेल, सून असेल. तिचं नाव तुम्ही बदललंत, निदान पेढा तरी खाल्लात. मग दोन नावांची बाई एकच आहे हे सिद्ध करायला तिने एकटीने का हेलपाटे घालायचे? उद्या कचेरी उघडेल तेव्हा तुम्ही जा. रांगेत तुम्ही उभे राहा. तिचं पहिलं नाव पूर्ण लिहा, वडिलांच्या नावासकट, आणि त्याखाली तुमची सही करा.