भट्टी बंद ठेवली तो दिवस

टाकव्याच्या रस्त्यावरच्या एका शेडमध्ये आम्ही बायका जुने कॉम्प्युटर उघडायचो. आतली लोहचुंबकं भट्टीत तापवायची, त्यांची ओढ गेली की सुटी करून पिंपात भरायची. त्यांच्यातले दुर्मिळ धातू पुढे दुसऱ्या कारखान्यात काढत. मी कुसगावहून यायचे. माझ्या शेजारी टाकव्याची एक मावशी बसायची. घरची भातशेती सांभाळून ती कामावर यायची, आणि माझा डबा कधी राहिला तर स्वतःच्या भाकरीतली अर्धी मोडून द्यायची.

त्या दिवशी पुण्याहून पाहुणे येणार होते. फाटकावर 'कचऱ्यातून संपत्ती' असा फलक लागला. वास नको म्हणून मॅनेजरने सकाळीच भट्टी बंद करायला लावली. त्यात विजेच्या मोठ्या मोटारींमधली तळहाताएवढी चुंबकं आलेली. पाहुण्यांना काम चालू दिसायला हवं, म्हणून तो म्हणाला, "आज न तापवताच सुटी करा."

"साहेब, ही लय जोरात वढत्यात," मावशी म्हणाली.

"मग सावकाश करा."

नवे हातमोजे कपाटात होते. ते पाहुणे आल्यावर घालायचे होते!

मावशीने एक चुंबक उचललं आणि दुसरं टेबलावरून उडून त्याला चिकटलं. मधे तिचं बोट. आम्ही दोघी-तिघींनी ओढलं, सुटेना. शेवटी लाकडाची पाचर ठोकून वेगळं केलं. बोटाचं टोक पार चेपलं होतं.

मॅनेजर धावत आला, आणि आधी त्याने पाहिलं ते फाटकाकडे. "मागच्या दाराने न्या. दवाखान्यात सांगा, घरी दारात बोट सापडलं." दुखतंय का, एवढंही त्याने विचारलं नाही.

रिक्षात मावशी हात पदरात धरून म्हणाली, "पोरी, दारच सांग. न्हाईतर कामावरनं काडत्याल."

"आणि उद्या माझं बोट गेलं तर? तेही दारातच?"

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारल्यावर मी ओठ दाबून उभी राहिले. हात तिचा होता. तीच बोलली. "कंपनीत सापडलं. भट्टी बंद ठिवली व्हती."

बोटाचं पेर काढावं लागलं.

मी तशीच शेडवर परतले. ओढणीला रक्त होतं. पाहुणे जेवत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन म्हणाले, "तुम्हाला वास येऊ नये म्हणून भट्टी बंद ठेवली. त्यापायी एका बाईचं बोट गेलं." एका बाईंनी ताट खाली ठेवलं. बाकीचे मॅनेजरकडे बघू लागले. तो हसला. "जरा घाबरल्यात," म्हणाला.

त्या हसण्याने माझं डोकं फिरलं. पाहुण्यांसाठी कपाटातून काढलेले नवे हातमोजे टेबलावर होते, ते मी त्याच्या अंगावर फेकले.

दुसऱ्या दिवशी मला फाटकावरच अडवलं. पण आतल्या बायका हातावर हात ठेवून बसल्या. भट्टी पेटून हातमोजे मिळेपर्यंत त्यांनी एकाही चुंबकाला हात लावला नाही. डॉक्टरांनी खरं कारण लिहिल्यामुळे मावशीचा दवाखान्याचा खर्च कंपनीला करावा लागला. कामावर मात्र आम्हा दोघींना परत घेतलं नाही.

मी आता खंडाळ्याच्या एका हॉटेलात काम करते. मावशीकडे गेले की ती माझ्यासाठी भाकरी थापायला बसते. भाकरी त्या अर्ध्या बोटाशी फाटते, ती पीठ पुन्हा गोळा करते. "आता सोड की राग," ती म्हणते. मला नाही सोडता येत. तो मॅनेजर अजून त्याच खुर्चीत बसतो.